आधी चांगला पाय

गोजराबाई जन्मली ती पायांकडून. सुईणीच्या हाताला आधी दोन तळवे लागले, मग गुडघे, आणि डोकं सगळ्यात शेवटी. बाहेर काय वाढून ठेवलंय ते पायानं चाचपून घ्यावं आणि मगच तोंड दाखवावं, असा जणू तिचा बेतच होता. घोटावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी बसलेल्या त्या वाडीत कित्येक वर्षांत पायाळू माणूस जन्मलं नव्हतं. त्यामुळे पोरीचं बारसं व्हायच्या आधीच दारात रोगी हजर. शेजारचा कोंडाजी, कमरेत उसण भरलेला, कोयत्यासारखा वाकलेला.

"पोरीचा पाय लावा पाठीला. डावा. तीनदा."

आईनं दहा दिवसांच्या पोरीचं पाऊल कोंडाजीच्या कमरेला तीनदा टेकवलं. चार दिवसांनी कोंडाजी सरळ झाला, आणि गोजराचा पाय त्या दिवसापासून तिचा एकटीचा राहिला नाही. तो वाडीचा झाला. खेळताना काटा रुतला तरी लोक तिच्या आधी पायाची चौकशी करायचे. लग्नाची झाली तेव्हा तिला बाहेरगावी द्यायला कुणी तयार होईना. वाडीतलाच मुलगा बघितला. मुलगा गरीब होता आणि अबोल होता. त्यानं तिला कधी त्रास दिला नाही, आणि एका पावसाळ्यात तापानं तसाच निमूट गेला.

पण गोजराला स्वतःच्या पायाचा संशय होता. बाराव्या-तेराव्या वर्षीच तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला होता. पाय लावला ती माणसं सात-आठ दिवसांत बरी होतात. आणि भांडणामुळे पाय लावून घ्यायला न आलेली चुलती? तीही आठ दिवसांत बरी झाली.

"आये, मंग माझा पाय करतोय काय?"

आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "भाईर बोलू नगंस."

ती सोळाची असताना गेणबा आला. पलीकडच्या वस्तीवरचा दणकट गडी. ओढा उडी मारून पार करताना त्याच्या गुडघ्यात टचकन् वाजलं आणि तासाभरात गुडघा भोपळ्याएवढा झाला. पायाळूचा पाय लावायचा तो पाठीला. गुडघ्याला लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण गेणबा हात जोडून बसला, चार माणसं म्हणाली लाव, आणि तिनं लावला. गेणबा तिथल्या तिथं उठला. "लागला गुन," म्हणाला, दोन कोस चालत घरी गेला, दुसऱ्या दिवशी औत धरलं. आठ दिवसांनी तो पाय असा काही सैल पडला की आयुष्यभर गेणबा चालताना उजवा पाय बाहेरून वळसा घेऊन टाकत राहिला. आणि तरी तिच्या दारावरून जाताना तो न चुकता हात जोडायचा. बरोबर कुणी असेल तर सांगायचा, "हिनं पाय लावला म्हनून माझा पाय ऱ्हायला. न्हाईतर कापायाच लागत हुता."

गोजराबाई अशा वेळी चुलीकडे तोंड करायची. शिव्या देणाऱ्यांपेक्षा आशीर्वाद देणाऱ्यांची तिला जास्त धास्ती वाटू लागली ती तेव्हापासून.

हात वापरायला तिला शिकवलं अलाउद्दीननं. पौडच्या बाजारात तो बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचा. गोजराबाई अंडी विकायला जायची आणि अंडी संपली तरी त्याच्या समोरून हलायची नाही. लंगडा बैल आला की अलाउद्दीन आधी त्याचा धडका पाय उचलायचा, दाबायचा, हलवून बघायचा, आणि मग दुखऱ्याकडे वळायचा.

"चाचा, लंगडतोय त्यो पलीकडचा पाय. तुमी ह्यो कशाला धरलाय?"

"चांगला कसा हाय ते ठावं नसंल, तर वाईट किती झालाय ते कशावरनं ठरवू, बाई?" अलाउद्दीन तोंडातले खिळे न काढताच बोलायचा. "आनि आनखी एक ऐकून ठेव. जनावर दुखतंय तेवढंच लंगडतं. मानूस कमी तरी लंगडतं, न्हाईतर जास्त तरी. जास्त लंगडतं त्याला हसून सोडून दे. कमी लंगडतं त्याला भ्यायचं."

सात-आठ वर्षं ती बाजारच्या दिवशी त्याच्यासमोर बसत आली. मग वाडीत कुणाचा घोटा मुरगळो, कुणाचा खांदा निखळो, गोजराबाई म्हणायची, "पाय मागनं. आधी हात." आणि हाताखाली पहिल्यांदा घ्यायची ती न दुखणारी बाजू.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या श्रावणातली गोष्ट. भातरोपांच्या आवण्या उरकल्या आणि पाऊस जो गेला तो बारा दिवस फिरकला नाही. मुळशीत श्रावणात ऊन पडावं आणि खाचरातल्या चिखलाला बोट जाईल एवढ्या भेगा पडाव्यात, हे कुणाच्या स्मरणात नव्हतं. गावोगाव माणसं एकमेकांकडे तिरकी बघायला लागली होती. कुणी तरी काही तरी केलंय, एवढं सगळ्यांचं ठरलं होतं. कुणी, ते तेवढं ठरायचं होतं.

एक दिवस दुपारी ओढ्यापाशी बैलगाडी थांबली. गोजराबाई अंगणात हुलगे निवडत होती. मान खालीच ठेवून तिनं डोळे वर केले. तिघं चढ चढून येत होती. पुढं पन्नाशीची ठसठशीत बाई, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी चपटं. मध्ये विशीतली पोरगी. मागं तिच्यापेक्षा थोडा मोठा गडी, मान खाली घातलेला. पोरगी चढाला सरळ चालत होती, अगदी चांगल्या माणसासारखी. अंगणाच्या तोंडाशी दगड चुकवायला ती डावीकडे वळली, आणि तिचा हात झटकन् कुडाला गेला. पुढच्या क्षणी तिनं तो काढूनही घेतला आणि पदर सारखा केला, जणू हात पदरासाठीच उचलला होता.

गोजराबाईनं ते टिपलं आणि पुन्हा हुलग्यांत खडा शोधू लागली.

"मी घोटावड्याची. हैबतरावांच्या घरची, सगुणाबाई."

"वळखते की वयनी. बसा."

"बसाया न्हाई आले. ही आमची सून, सारजा. त्यो माझा ल्योक, जयसिंग. आवनीच्या आदल्या दिवशी ही बांधावरनं घसरली म्हनती. महिना झाला. कवा चालती, कवा मधीच पडती. तीन घागरी फोडल्या. नीट बघा नि तुमच्या तोंडानं सांगा, हिला खरंच काय झालंय का ही सोंग करतीया. सोंग असंल तर गौरी उठल्या की माहेरी धाडनार. परत आनायची न्हाई. तिच्या भावाला सांगावा बी गेलाय."

हे सगळं सुनेच्या देखत. सारजा जमिनीकडे बघत उभी होती. जयसिंग जवळ थांबलाच नाही. दाराच्या पायरीवर पाठ फिरवून बसला.

सगुणाबाईनं फडकं सोडलं. आतून काळा चकचकीत कागद निघाला. तो तिनं उन्हात धरला. त्यात गुडघ्याची पांढरी हाडं उमटलेली.

"ह्यो बघा फोटू. यष्टीनं पुन्याला नेऊन काढलाय. दुधावानी हाड हाय. डागदर म्हनला, हाडाला कायबी झालं न्हाई. आता डागदर खोटा का ही खोटी?"

"डागदर खरा हाय."

"मंग झालं तर."

"काय झालं? ह्यात कातडं दिसतंय का, वयनी? मांस दिसतंय?"

सगुणाबाईनं कागद डोळ्यांजवळ नेला. "न्हाई."

"घरी सुंभाची बाज हाय न्हवं? सुंभ तुटला नि बाजंचा असा फोटू काढला तर लाकूड तेवढं दिसंल. लाकूड शाबूत हाय म्हनून झोपाल का तिच्यावर?"

सगुणाबाईचे डोळे बारीक झाले. "बोलायला लई हुशार हाय तुमी. ऐकून हुते. पाय लावा नि मोकळं करा आमाला."

"पाय मागनं. आधी हात."

गोजराबाईनं दाराच्या आत घोंगडी अंथरली. सारजाला भिंतीला टेकवून बसवलं. मनातल्या मनात ती तिघांनाही वजन करून बघत होती. सासूला सून नकोशी झाली असेल, आणि सोंग म्हणवून घ्यायला तिला साक्षीदार हवा असेल. सूनही कमी नसेल, माहेरी जायला निमित्त शोधत असेल. पण माहेरी जायचं असेल तर कुडाला लागलेला हात ती लपवील कशाला? आणि पायरीवरचा तो गडी. बायकोच्या दुखण्याला ज्याची पाठ दिसते त्याच्या हाताकडे आधी बघावं, असं गोजराबाईला वाटलं. हात मोठे होते.

"लुगडं वर घे बाई. आधी चांगला पाय."

"अवं दुखतोय त्यो उजवा," सगुणाबाई म्हणाली.

"ठावं हाय मला."

डावा पाय जरासा वाकवून तिनं एक तळवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवला, दुसऱ्या हातानं घोटा धरला आणि घोटा हळूच बाहेर ओढून बघितला. गुडघा जागचा हलला नाही. मग उजवा. तसाच वाकवला, तसाच धरला, तेवढाच जोर लावला. गुडघ्याची आतली बाजू बोटाखाली उघडली, खिळखिळ्या दाराची फट उघडावी तशी. सारजानं ओठ दातात धरला. आवाज केला नाही.

"दुखलं?"

"न्हाई."

गोजराबाईला अलाउद्दीनचं बोलणं आठवलं. हे कमी लंगडणारं माणूस होतं.

मग तिनं तो पाय घोंगडीवर उभा करून त्याच्या पावलावर अलगद बसून घेतलं, दोन्ही हातांनी पोटरी धरून नडगी पुढं ओढून बघितली. ती पुढं सरकली नाही. डाव्याइतकीच घट्ट होती. गेणबाची अशी सरकत होती, हे तिला कैक वर्षांनी त्याचा पाय हातात आल्यावर कळलं होतं. इथं तसं नव्हतं. गुडघ्याची एकच दोरी गेली होती, आतल्या अंगाची.

"पडतीस कवा? सरळ चालताना?"

"न्हाई. वळताना. उताराला."

"खोटं," सगुणाबाई मध्येच म्हणाली. "नागपंचमीला वासराच्या मागं कशी पळाली ते ह्या डोळ्यांनी बघितलंय. हरनावानी."

"वासरू सरळ पळालं का वळलं?"

"आता वासराची कुंडली मांडाय आलो का आपन?"

सारजा हळूच म्हणाली, "गोठ्याच्या कोपऱ्यावर वळलं. तितं पडले मी. आत्याबाई अंगनात हुत्या. त्यास्नी कोपऱ्यापलीकडचं दिसत न्हाई."

सगुणाबाईनं विषय बदलला. पदरानं वारा घेत ती म्हणाली, "दिस कसले आल्यात बघा. पान्याचा ठिपूस न्हाई. आमच्या गावात बोलत्यात, कुनाच्या तरी घरच्या बाईनं औताला हात लावला असनार. त्याबिगर असं व्हायाचं न्हाई. सापडली म्हंजे तिचं काय करतील ते करतील, तिच्या घराला बी कुनी पानी देनार न्हाई."

गोजराबाईच्या हातात सारजाचा गुडघा होता. तिनं न दाबताच तो दचकला. पायरीवरची पाठही ताठ झाली.

गोजराबाई उठली. "वयनी, ओढ्याच्या कडंला एरंड हाय. पाच पानं आना. डाग नसलेली."

"जयसिंगा, जा."

"गड्याच्या हातची चालत न्हाईत. बाईमानसाच्याच हातची लागत्यात."

हे ती त्याच क्षणी बनवून बोलली. पायाळू बाईच्या तोंडून आलं म्हणजे ते असणारच, म्हणून सगुणाबाई उठली. पण जाताना तिनं दोनदा मागं वळून बघितलं. तिचं डोकं उतारापलीकडे दिसेनासं झालं तशी गोजराबाई सारजाच्या समोर बसली आणि आवाज खाली आणला.

"मार कुनी दिला?"

"कुनी न्हाई, मावशी. घसरले."

"हितं बघ. बांधावरनं घसरलं तर म्होरनं लागतं, न्हाईतर ढुंगनावर पडतं मानूस. तुझा गुडघा आतनं उसवलाय. आतनं उसवायला भाईरच्या अंगानं रट्टा बसावा लागतो. नि त्या वक्ताला पाय जागच्या जागी घट असावा लागतो. मोकळा असता तर नुसती भेलकांडली असतीस. पाय कुनी धरून ठिवला हुता?"

"चिखलानं," सारजा बोलून गेली.

मग बोललेलं परत घेता येईना म्हणून तिनं उरलेलंही सांगितलं, एवढ्या बारीक आवाजात की गोजराबाईला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. आवणीच्या आदल्या दिवशी वळणावरच्या खाचराची चिखलणी व्हायची होती. बैल दुसऱ्याचे, संध्याकाळी परत द्यायचे होते. जयसिंगला सकाळपासून थंडीताप. बांधावर घोंगडी पांघरून तो दात वाजवत पडला. घरी कळलं तर सासरे म्हणणार, कामाच्या दिवशीच बरा ताप येतो याला. तसं ते आधी दोनदा म्हणालेही होते. शिवारात दुसरं कुणी नव्हतं. सारजानं कासरा हातात घेतला. चिखल सारखा करायची लाकडी फळी बैलांना जोडली आणि सगळं खाचर एकटीनं फिरवलं. शेवटच्या वळणाला बैल बुजला, फळी आडवी फिरली आणि गुडघाभर चिखलात रुतलेल्या तिच्या उजव्या पायावर बाहेरून येऊन आदळली.

"टच् झालं, मावशी. मला वाटलं फळीच मोडली."

"नि हे समदं तू मनात ठिवलंस."

"माहेरी धाडलं तर जाईन मी. सोंगाडी म्हनू द्या. पर औत धरलं हे भाईर नगं. घर उठंल त्यांचं."

पायरीवरची पाठ हलली नाही. ऐकत मात्र ती होती, हे गोजराबाईला मागून त्याच्या कानाकडे बघूनही कळत होतं.

सगुणाबाई धापा टाकत परत आली. पानं पाच नव्हती, नऊ होती. कमी पडली म्हणून पुन्हा बाहेर घालवतील, अशी शंका तिला आली असावी.

"काय ठरलं माझ्या माघारी?"

"माझ्यावर इस्वास ठिवू नका, वयनी," गोजराबाई म्हणाली आणि कोनाड्यातली सुतळी तिच्या हातात दिली. "गुडघ्याच्या वर चार बोटं मोजा. तितं मांडीला सुतळी गुंडाळा. आधी चांगली मांडी. जितं टोक मिळतंय तितं गाठ मारा."

सगुणाबाईनं चार बोटं दोनदा मोजली. गाठ मारली.

"आता दुखरी."

दुसरी गाठ पहिलीच्या अलीकडे पडली, चांगली दोन बोटं. सगुणाबाईनं सुतळी सोडली, पुन्हा गुंडाळली, आवळून, मग ढिली करून. गाठी जवळ येईनात. तिनं सुतळी उन्हात धरली, मघाशी फोटो धरला होता तशी.

"मांडी सुकलीया, वयनी. पाय दुखतो, मानूस नकळत भार टाकत न्हाई, नि मांडी सुकत जाती. तोंडानं सोंग करता येतं. मांडीला न्हाई येत."

खाली गाडीच्या बैलांच्या घंटा वाजत होत्या. सगुणाबाईनं सुतळी खाली ठेवली तेव्हा तिचा चेहरा निवळला नव्हता. संशयानं फक्त कूस बदलली होती.

"म्हंजे खरं हाय. मंग बांधावरनं घसरल्याचं खोटं हाय. एवढं कशानं लागतंय?" ती पायरीकडे वळली. "जयसिंगा, हितं बघ. हात उचललास का हिच्यावर?"

जयसिंग उठून उभा राहिला. दाराच्या चौकटीत तो आणखी उंच दिसत होता.

"व्हय म्हनू का, आये? मारलं म्हनलं तर समदंच मिटंल."

"अवं," सारजा म्हणाली. "गप बसा."

"महिनाभर गप बसलो. घागरी फुटत हुत्या तवा बी गप बसलो." तो आईकडे न बघता बोलत होता. "त्या दिशी मी तापानं पडलो हुतो. फळी हिनं फिरवली. फळीच बसली गुडघ्यावर."

सगुणाबाईनं एकेक शब्द सुटा करत विचारलं, "वळनावरचं खाचर?"

"व्हय."

"पुरं?"

"पुरं. मी बांधावरनं बघितलं बी न्हाई. डोळं उघडत नव्हतं."

ते खाचर सगुणाबाईनं पाऊस होता तोवर साऱ्या आळीला दाखवलं होतं. माझ्या जयसिंगाच्या हातची फळी बघा, म्हणायची, पाणी कसं आरशासारखं बसलंय, ना उंच ना खोल. व्याह्यांना दाखवलं होतं, नणंदेला दाखवलं होतं. सुनेलाही एकदा बांधावर उभं करून म्हणाली होती, बघ, काम असं असतं.

ती सारजाकडे बघत राहिली. सारजानं लुगडं गुडघ्याखाली ओढलं. गोजराबाई सासूच्या चेहऱ्यावर नजर लावून बसली होती. राग होता का, भीती होती, का आणखी काही, तिला ओळखता येईना. माणसाचे दोन गुडघे असतात, एकाशी दुसरा ताडून बघता येतो. चेहरा एकच असतो.

शेवटी सगुणाबाईनं फोटो फडक्यात गुंडाळला. गाठ आवळून मारली. "गोजराबाई. हे ह्या कुडाच्या भाईर गेलं तर…"

"दुखनं घेऊन आलेल्याचं बोलनं हितंच ऱ्हातं."

"शपथ घ्या."

गोजराबाईनं पायावर हात ठेवला. डाव्या. सगुणाबाईला तेवढ्यानं पुरलं.

"हिला माहेरी धाडली तर तितं कुनापाशी तरी तोंड उघडंल. डोळ्याम्होरं ऱ्हाईल ती बरी," ती लेकाला म्हणाली, सुनेला नव्हे. "भावाला उलटा सांगावा धाड. येऊ नगं म्हनावं." आणि गोजराबाईकडे वळून, "आता तरी पाय लावा."

गोजराबाईला गेणबा आठवला. पाय लागला की हे लोक उठणार, लागला गुण म्हणणार आणि उद्या हिच्या डोक्यावर घागर देणार. नाही म्हणावं, तर उपचारच झाला नाही म्हणणार. ती क्षणभर थांबली. मग उठून तिनं डावा पाय सारजाच्या डाव्या, धडक्या गुडघ्याला तीनदा टेकवला.

"अवं, त्यो चांगला."

"गुडघ्याची रीत अशीच हाय. चांगल्याला लावायचा. नि पाय लागला म्हंजे बंधन आलं. सव्वा महिना कांबी सोडायच्या न्हाईत. डोक्यावर वजन न्हाई. उताराला पाऊल न्हाई. मोडलं तर पाय गेला म्हनून समजा, मंग माझ्याकडं येऊ नगा."

जयसिंगला सांगून तिनं कळकाच्या कांबी काढवल्या, जुन्या लुगड्यात गुंडाळल्या, गुडघा किंचित वाकलेला ठेवून दोन्ही बाजूंनी बांधल्या. आत आंबेहळदीचा लेप, वर एरंडाची पानं. लेपाचाही तिला फारसा भरवसा नव्हता; पण लेप असला की माणूस स्वस्थ बसतं, एवढं तिनं बघितलं होतं. सारजाला गाडीपर्यंत जयसिंगनं उचलून नेलं. सगुणाबाई मागून चालली होती, आणि जाता जाता ती सुतळी तिनं घोंगडीवरून उचलून कमरेला खोचली होती.

दोन दिवसांनी पाऊस आला. गावातली कुजबुज विरली. सापडायची ती बाई कुणालाच सापडली नाही.

गोजराबाई दर आठवड्याला घोटावड्याला जायची. नुसतं बांधून भागणार नव्हतं. बसल्या बसल्या गुडघा ताठ करून मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. सुरुवातीपासून हे दिवसातून चार वेळा. कांबी निघाल्यावर घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. मग सरळ चालणं, मग अंगणात हळूहळू वळणं, सगळ्यात शेवटी उतार. सारजा विचारलं की म्हणायची, दुखत नाही. म्हणून गोजराबाई तिला विचारायचीच नाही, तिच्या ओठांकडे बघायची. आणि तिला आधी धास्ती होती ती सासूची, पण झालं भलतंच. संशयी माणसासारखा पहारेकरी नाही. सगुणाबाई सुनेवर घारीसारखी नजर ठेवून असायची. पण आता ती सोंग पकडायला नव्हे, पाऊल उताराला पडतंय का ते पकडायला. सुतळी देवघराच्या खुंटीला टांगलेली. दर सोमवारी मांडी मोजायची. गोजराबाईनं मोजलेली तिला पटायची नाही, ती गेली की पुन्हा मोजायची. दसऱ्याला गाठींमध्ये एका बोटाचं अंतर उरलं. दिवाळीनंतर तांदळाच्या दाण्याएवढं. भाताची कापणी उकिडवं बसून करायची, म्हणून त्या वर्षी सारजाला खळ्यावर ठेवली, आणि का, ते विचारायची आळीत कुणाची छाती झाली नाही.

"गुन लागला तुमच्या पायाचा," सगुणाबाई म्हणाली तेव्हा गोजराबाईनं नेहमीसारखं चुलीकडे तोंड केलं. पण या वेळी तिला पाठीमागून हसू ऐकू आल्यासारखं वाटलं. सगुणाबाई खरंच पायाला म्हणाली होती, की सगळं ओळखून म्हणाली होती, हा संशय तिला पुढं कित्येक वर्षं पुरला.

पुढच्या आषाढात ती घोटावड्याच्या वाटेनं चालली होती. वळणावरच्या खाचरात आवणी चालू होती. बांधावर डोक्यावर इरलं घेतलेली सगुणाबाई उभी. खाचराच्या एका कोपऱ्यात पाणी गुडघाभर साचलं होतं, दुसऱ्या कोपऱ्यात चिखलाचा उंचवटा उघडा पडलेला. जयसिंग तिथं खोऱ्यानं चिखल ओढत होता.

"औंदा फळी नीट बसली न्हाई," सगुणाबाई म्हणाली. गोजराबाईकडे न बघता, खालच्या आवाजात.

वरच्या बांधावरून सारजा रोपाच्या मुठी हातात घेऊन उतरत होती. निसरड्या कडेला ती वळली आणि खाली आली. दोघीही तिच्या उजव्या गुडघ्याकडे बघत होत्या. ती चिखलात उतरून रोपं लावायला वाकली, तेव्हा कुठं सगुणाबाईनं इरल्याखालून श्वास सोडला.

आधी कुठला पाय टाकला तिनं, गोजराबाई आठवायला लागली. तिला आठवेना; दोन्ही सारखेच पडले होते.